नावाचे दोरे

१

दोन्ही बाळं न्हाणीच्या ओसरीत चटईवर हातपाय झाडत पडली होती आणि दोघांच्याही पायात नाव नव्हतं.

बाळंतघरातली मदतनीस पारिनेम गरम पाण्याची कळशी घेऊन स्वयंपाकघरातून परतली ती हे पाहून जागीच थिजली. सुईण बू कुस्तिया, म्हणजे कुस्तियाबाई, यांच्या बाळंतघराचा रिवाज साधा होता. मूल जन्मलं की कापडाच्या चिंधीवर आईचं नाव लिहायचं, चिंधीला दोरा ओवायचा आणि बाळाच्या पायात बांधायचा. त्या दोन चिंध्या आता घंगाळाच्या पाण्यात तरंगत होत्या. ‘वुर्यानी’ आणि ‘निंग्रुम’, दोन्ही नावं स्वच्छ वाचता येत होती. पण कुठलं नाव कुणाचं, ते सांगणारं आता काही उरलं नव्हतं.

दोघेही मुलगे. दोघेही त्याच पहाटे, जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले, तेही सगळ्या टेकडीवरची वीज गेलेली असताना. दोघेही सावळे, गुबगुबीत, डोक्यावर जावळ दाट. आयांनी त्यांना कंदिलाच्या उजेडात ओझरतं पाहिलं होतं तेवढंच. पारिनेमनं आरडाओरडा केला नाही. एकाला निळ्या दुपट्यात गुंडाळलं, दुसऱ्याला पिवळ्या, आणि मग ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

दुपारच्या आत बू कुस्तिया सुप्रप्तीच्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. सेमारांग या बंदराच्या शहराच्या खालच्या भागातून टेकडीवर जायला बस होती, पण वरून खाली त्या धापा टाकत चालतच आलेल्या दिसत होत्या. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी.

“प्रप्ती, तू ती काचेवर माणसांची गुणसूत्रं बघतेस ना? त्यावरून मूल कुणाचं ते कळतं का?”

“रक्तगट बघितलास?”

“चारही आईबाप ओ. पोरंही ओ.”

सुप्रप्तीनं सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलं. रेणूंवरून माणूस ओळखायची विद्या परदेशात नुकतीच कुठे डोळे उघडत होती; इथे पोचायला अजून वर्षं लागणार होती. तिच्याजवळ होती ती फक्त तिची आवडती रद्दी. विभागातले सगळे त्याला रद्दीच म्हणत. गुणसूत्रांच्या कमरेपाशी असलेले ते काळे पट्टे, ज्यांच्यात तीच ती चार-सहा अक्षरं हजारो वेळा गिरवलेली असतात आणि ज्यातून शरीरातली एकही वस्तू घडत नाही, त्या पट्ट्यांची मापं घेण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

“कदाचित कळेल,” ती म्हणाली. “पण आधी मला एक सांग. दोरे कुणी तोडले?”

बू कुस्तियांनी मान खाली घातली. “तेच तर विचारायला आलेय.”

२

बाळंतघरात पोचल्यावर सुप्रप्तीनं आधी सगळ्यांचं रक्त घेतलं, आयांचं, बापांचं आणि बाळांचं. मग ती एकेकाशी बोलायला बसली.

पारिनेम डोळे पुसत होती. “मी फक्त पाणी आणायला गेले हो. दोघांना न्हाऊ घालून कोरडं केलं होतं, पायातल्या चिंध्या मी स्वतः पाहिल्या होत्या. म्हणजे, होत्या हे पाहिलं. वाचता मला कुठे येतं? परत आले तर ही तऱ्हा.” तिच्या कमरेला नाळ कापायची कात्री लटकत होती. सुप्रप्तीचं तिकडे लक्ष गेलं तशी पारिनेमनं ती काढून पुढे ठेवली. “ही बघा. आज उकळून ठेवल्यापासून हिनं काहीच कापलेलं नाही.”

निंग्रुमचा नवरा मार्गियोनो बंदराजवळच्या बाजारात बांदेंग मासा विकायचा. आवाज भरड, मान जाड, कमरेला म्यानात सुरी. शेजारच्या बाईनं त्याला सकाळी मागच्या ओसरीकडून बाहेर पडताना पाहिलं होतं. आणि त्यानं मात्र सगळ्यांना सांगितलं होतं की तो तिकडे फिरकलाच नाही.

“कशाला गेला होतात?” सुप्रप्तीनं विचारलं.

“गेलोच नव्हतो.”

“पाक मार्गियोनो,” तिनं त्याला अदबीनं हाक मारली, “तुमच्या उजव्या चपलेला ओसरीतलं शेवाळ लागलंय.”

त्यानं चपलेकडे पाहिलं आणि गालातल्या गालात जीभ फिरवली. “गेलो होतो. पोरगा बघायला. पहाटे त्याच्या कानात अजान दिली, पण अंधारात तोंड कुठे दिसलं होतं? जाऊन बघतो तर दोघांचे पाय मोकळे. म्हटलं, आता मी इथं दिसलो की माझ्याच नावानं शंख. माझ्या कमरेला सुरी, माझं तोंड असं. पळालो.”

“म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा दोरे आधीच तुटले होते?”

“आईच्यान. आणि आता वाईट याचं वाटतं, की मी अजान दिली ती कुणाच्या पोराला, तेच ठाऊक नाही.”

“देवाला ठाऊक असेल,” बाकावरून वुर्यानीचा नवरा शांतपणे म्हणाला. हा दर्सोनो, शाळामास्तर. “मीही दिलीय. दोघांना मिळाली असेल एकेक. फार तर एकालाच दोन्ही.”

मार्गियोनोला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात ओसरीतून रडणं ऐकू आलं. आधी एक बारीक, किनरा आवाज, मग त्याच्यावर चढलेला दुसरा, जाडाभरडा, घोगरा. दोन्ही बाळं भुकेली होती. आणि कुठलं कुणी घ्यायचं, हे ठरवायला कुणीच धजत नव्हतं.

३

निंग्रुम उठली. अंगात ताकद नव्हती, तरी भिंत धरून आली आणि जो हाताला लागला तो उचलला. तो पिवळ्या दुपट्यातला होता. पदराआड घेऊन तिनं त्याला पाजलं. तो निवल्यावर निळ्या दुपट्यातला घेतला.

“अहो, थांबा,” दर्सोनो घाईनं म्हणाला. “दूध पाजलं की नातं लागतं. मग हे दोघं दूधभाऊ होतात. शरियतीत—”

“मास्तर, नातं लागलं म्हणून काय ताप येतो का?” मार्गियोनो म्हणाला. “पोर उपाशी आहे.”

वुर्यानीनं आतल्या खोलीतून हाक मारली, “दुसऱ्याला इकडे आणा. मलाही पाजू दे.” तिचं फार रक्त गेलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

पारिनेमनं तिच्याकडे पिवळ्या दुपट्यातला नेला. वुर्यानीनं त्याला मायेनं पाजलं, पाठीवरून हात फिरवला. पण सुप्रप्ती पाहत होती. ओसरीतला तो घोगरा आवाज उठला की वुर्यानीची मान प्रत्येक वेळी दाराकडे वळत होती. किनऱ्या आवाजाला ती वळत नव्हती.

पुढचे दिवस असेच गेले. रक्तातल्या पेशी काचपात्रात वाढायच्या, मग विभागल्या जायच्या, मग ऐन विभागणीत त्यांना थांबवून काचेवर पसरून रंगवायचं. घाई करून चालणारं काम नव्हतं. तोवर दोन्ही बाळंतिणी तिथेच राहिल्या. दोघी दोघांना पाजत होत्या, दोघी मिळून कडू काढा पीत होत्या आणि तो प्यायल्यावर सारखंच तोंड वाकडं करत होत्या.

सुप्रप्ती रोज एकदा यायची. मार्गियोनो तिला विचारायचा, “बू, तो काळा पट्टा म्हणजे असतं तरी काय?”

“एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं असतं. वाचलं तर काही अर्थ लागत नाही.”

“मग देवानं ठेवलं कशाला?”

“पेशी दोन होताना प्रत्येक गुणसूत्राच्या जोडभागांना दोन बाजूंना ओढावं लागतं. ओढणारे दोर त्या कमरेपाशी अडकतात. तिथे हे वाक्य नसेल तर दोर अडकायला जागा नाही. मग एकीकडे जास्त जातं, एकीकडे कमी.”

मार्गियोनोनं विचार केला. “म्हणजे धक्क्यावरचा खुंटा. खुंटा कधी मासा धरत नाही. पण तो नसला की होड्या गेल्याच.”

“आणि हा खुंटा प्रत्येक घराण्यात वेगळ्या जाडीचा असतो,” सुप्रप्ती म्हणाली. “आईबापाकडून मुलाकडे तसाच येतो. म्हणून मी तुमचं रक्त घेतलं.”

त्या दिवशी परतताना तिनं बू कुस्तियांकडून त्या दोन चिंध्या मागून घेतल्या. प्रयोगशाळेत भिंगाखाली दोऱ्यांची टोकं धरली. धागे चपटे झाले होते, विस्कटले होते, आणि एका टोकाला दोन बारीक खाचा होत्या. कात्री अशी कापत नाही. सुरीही नाही.

४

“कुस्तियानं तुझ्याबद्दल सांगितलं,” सुप्रप्ती वुर्यानीच्या पलंगाशी बसत म्हणाली. “पहाटे तू ग्लानीत काहीबाही बोलत होतीस म्हणे.”

वुर्यानी दुपट्याला दुमड घालत होती. ती गावात पोलकी शिवून द्यायची. बाळंतपणातही हात स्वस्थ बसत नव्हते. “असेन बोलत,” ती म्हणाली. टाका संपला. तिनं दोरा दातांत धरून कट्‌कन तोडला.

सुप्रप्तीची नजर दोऱ्याच्या टोकावर गेली. वुर्यानीचं लक्ष तिच्याकडे गेलं, मग हातातल्या दोऱ्याकडे. तिची बोटं थांबली.

“पारिनेमकडे कात्री होती,” सुप्रप्ती हळूच म्हणाली. “मार्गियोनोकडे सुरी. कुस्तियाच्या तबकात ब्लेडं. ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्यानं दातानं तोडलं. आणि दुसरी गोष्ट. कुणाला मुलांची अदलाबदल करायची असती तर त्यानं दोरे बदलले असते, दोन गाठी सोडायच्या आणि दोन मारायच्या. तोडून पाण्यात टाकले नसते. तोडणाऱ्याला दुसऱ्याचं मूल नको होतं, वुर्यानी. त्याला फक्त शंका हवी होती. सगळ्यांच्या मनात.”

वुर्यानीनं हातातलं दुपटं खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते तिनं पुसलंही नाही.

“अंधार होता, बू. मी त्याला पाहिलं नाही, ऐकलं. घोगरा, म्हाताऱ्यासारखा आवाज. मला हसू आलं होतं. मग कंदील आला, मला दुपट्यात एक बाळ दिलं, त्याचा आवाज बारीक. मी म्हटलं, हा तो नव्हे. कुस्तियाबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या कानात वारं भरतं, झोप. सकाळी ओसरीतून तोच आवाज आला. उठून गेले. घोगऱ्याच्या पायातली चिंधी वाचली. ‘निंग्रुम’ लिहिलं होतं.”

“मग दोरे बदललेस का नाहीस?”

वुर्यानीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न तिला कळलाच नाही. “आणि मीच चुकत असले तर? मी तर अर्धी मेलेली होते. ऐकलं ते खरं की भास, कुणाला ठाऊक? बदलले असते आणि चुकले असते तर दुसरीचं मूल चोरल्यासारखं झालं असतं. म्हटलं, नावच नको. मग कुणीतरी नीट बघेल.” तिचा आवाज खाली गेला. “सगळ्यांना सांगा. पण आधी काचेवर बघा. मी चुकले असेन तरीही सांगा.”

सुप्रप्तीनं तिचा हात हातात घेतला. तिला आठवेना, आपल्या विद्येवर इतका भरवसा यापूर्वी कुणी टाकला होता.

५

काचा तयार झाल्या त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं.

आधी तिनं पाहिलं ते मुलग्यांचं गुणसूत्र, जे बापाकडून मुलाकडे उतरतं. त्याच्या शेपटीशी असाच एक मोठा काळा भाग असतो आणि घराण्याघराण्यात त्याची लांबी बदलते. दर्सोनोची शेपटी आणि मार्गियोनोची शेपटी यांत बारीकसा फरक जरी असता तरी काम तिथेच संपलं असतं.

दोन्ही सारख्याच होत्या. पुन्हा मोजल्या. तरी सारख्याच.

सुप्रप्ती खुर्चीत मागे रेलली. दोन बाया, दोन मुलं आणि एक काच, आणि काच गप्प. मग तिनं चहा केला, तो तसाच ठेवला आणि पहिल्या क्रमांकाच्या जोडीकडे वळली.

चौघा आईबापांपैकी फक्त निंग्रुमच्या जोडीत एक पट्टा विलक्षण रुंद होता, दुसऱ्याच्या दुप्पट. असा पट्टा तिनं आजवर मोजक्या वेळाच पाहिला होता. हा ज्या बाळात सापडेल ते निंग्रुमचं, कारण बाकी तिघांकडे तो नव्हताच.

निळ्या दुपट्यातल्याची काच घेतली. पट्टे साधे. पण त्यानं काही सिद्ध होत नव्हतं. आईनं त्याला जोडीतलं दुसरं, साधं गुणसूत्र दिलेलं असू शकतं. नसणं हा पुरावा नव्हे, हे ती विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायची.

पिवळ्याची काच. पहिली पेशी नीट पसरली नव्हती. दुसरीही नाही. तिसरीत पहिल्या क्रमांकाची जोडी शेजारीशेजारी पडली होती आणि त्यातल्या एकाच्या कमरेला तो रुंद, काळाकुट्ट पट्टा होता. चौथ्या पेशीतही. पाचव्यातही.

तरी ती थांबली नाही. एका खुणेवर कुणाचं मूल कुणाला द्यायचं तिला पटेना. नवव्या क्रमांकाची जोडी पाहिली. दर्सोनोच्या एका नवव्यात पट्टा कमरेच्या पलीकडे सरकलेला होता, उलटा बसवल्यासारखा; त्यापासून अपाय काही नसतो, घराण्याची खोड असते एवढंच. मार्गियोनोकडे ती खोड नव्हती, दोन्ही आयांकडे नव्हती.

निळ्या दुपट्यातल्या घोगऱ्या बाळात होती.

सुप्रप्तीनं डोळा काचेवरून उचलला. थंड झालेला चहा तिनं एका घोटात पिऊन टाकला. वुर्यानीला भास झाला नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी बाळंतघराच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. सुप्रप्तीनं फिरवून सांगितलं नाही. “पिवळं दुपटं निंग्रुम आणि मार्गियोनोंचं. निळं वुर्यानी आणि दर्सोनोंचं. दोन वेगवेगळ्या खुणा आहेत आणि दोन्ही एकच सांगतात.”

बू कुस्तिया ज्या खुर्चीला धरून उभ्या होत्या तिच्यातच बसल्या.

“निळ्याच्या पायात मी निंग्रुमचं नाव बांधलं होतं,” त्या म्हणाल्या. “कंदील विझला होता. दोन्ही बाळं एकाच पाटावर होती. आवाज ऐकला आणि मनाशी म्हटलं, हा बाजारात ओरडणाऱ्याचाच असणार. बांधून मोकळी झाले. सकाळी चिंध्या तुटल्या तेव्हा मला आठवलं, की मी पाहिलं नव्हतं, नुसता अंदाज केला होता. ते बोलायची छाती झाली नाही. म्हणून प्रप्तीकडे धावले.”

मार्गियोनोचं तोंड उघडं राहिलं. “म्हणजे दोरे तुटले नसते तर…”

“तर तुम्ही दोघांनी एकमेकांची मुलं नेली असती. आणि खात्रीनं नेली असती,” सुप्रप्ती म्हणाली.

“मग तोडले कुणी?” दर्सोनोनं विचारलं.

वुर्यानी उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. संपल्यावर ती निंग्रुमकडे वळली. “इतके दिवस तुला झोप लागली नाही, ती माझ्यामुळे. मला माफ कर.”

निंग्रुमनं कडेवरच्या निळ्या दुपट्यातल्या बाळाकडे पाहिलं. त्याला तिनं कितीतरी वेळा पाजलं होतं. तिनं त्याच्या कपाळाला ओठ लावले, चालत आली आणि त्याला वुर्यानीच्या हातात ठेवलं. मग पारिनेमजवळून पिवळं दुपटं घेतलं.

“माफी कसली, ताई? आज माझं मूल माझ्या हातात आहे ते तुझ्या दातांमुळे. आवाज ओळखीचा वाटत असूनही तू ओढून नेलं नाहीस. मी असते तर नेलं असतं.”

बू कुस्तियांनी वुर्यानीचे हात धरून कपाळाला लावले. वयानं मोठ्या बाईनं असं करायचं नसतं, पण कुणी त्यांना अडवलं नाही. “माझ्या नावानं एक खोटं आयुष्यभर चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “तू मला त्यातून सोडवलंस.”

मार्गियोनोनं घसा खाकरला. “मास्तर, तुमच्या पोरानं माझ्या घरचं दूध प्यायलंय. ते काही परत मागत नाही. पण ईदला तो माझ्याकडे येणार. तो हिचाही मुलगा आहे.”

“दोघेही दोन्हीकडे येतील,” दर्सोनो म्हणाला. शरियतीचा विषय त्यानं काढला नाही; चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

७

इथल्या रिवाजाप्रमाणे बाळांचे पस्तीस दिवस भरले तेव्हा दोन्ही घरांनी मिळून आभाराचं जेवण घातलं. पिवळ्या भाताची उंच रास, भोवती भाज्या, अंडी आणि अर्थातच बांदेंग. राशीचा शेंडा, म्हणजे मानाचा घास, सुप्रप्तीच्या पानात पडला. विभागप्रमुखांनाही बोलावलं होतं. त्यांनी दोन वेळा भात घेतला आणि रद्दी हा शब्द त्या दिवशी उच्चारला नाही.

काही दिवसांनी निंग्रुम प्रयोगशाळेत आली. बाळ झोळीत होतं आणि मागे एक वाकलेला म्हातारा होता. “हे माझे वडील, मिठागरात असतात,” ती म्हणाली. “बू, तो माझा रुंद पट्टा. तो मला कुणाकडून आला?”

“आईकडून नाहीतर वडिलांकडून.”

“आई मी चालायला लागायच्या आत गेली. तिचा फोटोही नाही घरात. यांचं रक्त घ्याल का?”

म्हाताऱ्यानं बाही वर सरकवली.

काचा तयार झाल्यावर सुप्रप्तीनं तिला बोलावून घेतलं. म्हाताऱ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या दोन्ही गुणसूत्रांचे पट्टे अरुंद होते, अगदी साधे. तो रुंद पट्टा त्याच्याकडून आला नव्हता. सुप्रप्तीनं निंग्रुमची काच बसवली, भिंग नेमकं केलं आणि बाजूला झाली.

“मधोमध बघ. काळा, जाड. तो तुझ्या आईचा. तिच्याकडून तुला आला, आणि तुझ्याकडून याला.”

निंग्रुमनं एका हातानं झोळी सावरली आणि डोळा लावला. खूप वेळ ती तशीच वाकून राहिली. म्हातारा दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

“उपकार झाले,” ती अगदी हळू म्हणाली.

सुप्रप्ती ‘अगं त्यात काय’ म्हणणार होती. मग तिच्या लक्षात आलं की निंग्रुम तिच्याशी नव्हे, काचेतल्या त्या पट्ट्याशी बोलत होती.